अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला का उतरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमरावती हे विभागाचं ठाणं, खामगाव एके काळची कापसाची नामांकित पेठ, अचलपूर ही वऱ्हाडाची जुनी राजधानी, यवतमाळ जिल्ह्याचं गाव. मग मुंबई–नागपूर मुख्य लाइन यांपैकी एकाही गावातून का जात नाही? लोकांनी आगगाडीला विरोध केला म्हणून ती बाहेरून गेली, हे खरं का? आणि अचलपूर–यवतमाळची ती छोटी गाडी, शकुंतला एक्स्प्रेस, अजून इंग्रजांच्या मालकीची आहे म्हणतात, ती भानगड काय?

माझी नोकरी रुळांच्या देखभालीतली. आमच्या भाषेत पी-वे. बराचसा काळ भुसावळ ते बडनेरा आणि पुढे वर्ध्याच्या बाजूला गेला. ट्रॉलीवर बसून, आणि त्याहून जास्त पायी, ही लाइन मी पाहिली आहे. त्यामुळे उत्तराची सुरुवात जमिनीपासून करतो.

आधी विरोधाची गोष्ट निकालात काढू. ही कथा मी अमरावतीत ऐकली, खामगावात ऐकली, आणि वऱ्हाडाबाहेरही चारपाच गावांत जशीच्या तशी ऐकली. कुठे गावचे शेटजी विरोध करतात, कुठे देवस्थान, कुठे बैलगाडीवाले. एकच कथा इतक्या गावांची असते तेव्हा ती बहुधा कुठल्याच गावाची नसते. १८६० च्या आसपास वऱ्हाडातल्या गावाला लाइन हवी की नको हे विचारणारं कोणीच नव्हतं. आखणी कंपनीचे इंजिनिअर करत, मंजुरी सरकारचा सल्लागार इंजिनिअर देई, आणि जमीन सरकार कंपनीला फुकट देई. अशा व्यवस्थेत शेटजींच्या विरोधाला किती किंमत असणार?

आता नकाशा घ्या. भुसावळहून निघालेली लाइन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर करत बडनेऱ्याला येते. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्याचा दक्षिण भाग. गंमत अशी की नागपूरपर्यंत जाताना ही लाइन पूर्णा नदी कुठेच ओलांडत नाही. तिला लागतात त्या पूर्णेला दक्षिणेकडून मिळणाऱ्या नद्या: नळगंगा, मन, मोर्णा, काटेपूर्णा, उमा. यांच्यावर पूल बांधावे लागतात, पण ते बेताचे. मोठा पूल येतो तो थेट वर्धा नदीवर, पुलगावला. त्या पुलावरूनच गावाचं नाव पडलं असं म्हणतात. अचलपूर पूर्णेच्या उत्तरेला, मेळघाटच्या पायथ्याशी. तिकडे लाइन न्यायची तर पूर्णा दोनदा ओलांडायची. म्हणजे राजधानी असो वा नसो, अचलपूर पहिल्याच फेरीत बाद.

खामगाव दक्षिणेला, टेकड्यांच्या कुशीत. आत शिरणं सोपं, पण पुढे पूर्वेकडे बाहेर पडायला चढ. तेही बाद.

अमरावतीचं प्रकरण जास्त मजेदार आहे, कारण तिथे पहिली दिसणारी सबब टिकत नाही. अमरावती बडनेऱ्यापासून जेमतेम दहा किलोमीटर उत्तरेला. लोक म्हणतात, फेरा वाढला असता. हिशेब करून पाहा. चाळीस किलोमीटर आधीपासून लाइन तिरपी घेतली आणि तशीच चाळीस किलोमीटरमध्ये परत खाली आणली, तर एकूण लांबी अडीच किलोमीटरच्या आसपास वाढते. सव्वाआठशे किलोमीटरच्या लाइनीत हे काहीच नाही. खरी अडचण पूर्वेकडे आहे. अमरावतीच्या त्या अंगाला पोहरा–मालखेडच्या टेकड्या आडव्या पडल्या आहेत. बडनेऱ्याहून चांदूरकडे जाताना खिडकीतून डावीकडे पाहिलंत तर त्या दिसतात. मुख्य लाइन मालखेडच्या बाजूने त्यांना दक्षिणेकडून वळसा घालते. अमरावतीत शिरलेल्या गाडीला पुढे वर्ध्याकडे जायला एक तर टेकड्या फोडाव्या लागल्या असत्या, नाही तर वळून बडनेऱ्याच्याच रेषेत यावं लागलं असतं. ट्रॉलीवरून तो वळसा जाताना मला पहिल्यांदा वाटलं, आखणाऱ्याने दोन दिवस घोड्यावरून फिरून हे ठरवलं असेल आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही.

पण जमीन म्हणजे अर्धंच उत्तर. टेकड्या फोडायच्या म्हटल्या तर याच कंपनीने सह्याद्री फोडला होता. मग सहा मैलांवरच्या वऱ्हाडातल्या सर्वांत श्रीमंत बाजारासाठी तिने हात का आखडला? याचं उत्तर कंपनीच्या करारात आहे. वऱ्हाडातली रेल्वे तीन खेपांत झाली आणि प्रत्येक खेपेला पैसा कोणाचा आणि बुडाला तर कोणाचा, याचं उत्तर वेगळं होतं. रूळ कुठे गेले, किती रुंद घातले, किती मजबूत घातले, हे त्या उत्तरावरून ठरलं.

पहिली खेप. १८५३ सालच्या तीन तारखा एकाखाली एक लिहून पाहा. १६ एप्रिलला बोरीबंदर–ठाणे पहिली गाडी धावली. २० एप्रिलला गव्हर्नर जनरल डलहौसीने हिंदुस्थानातल्या मुख्य लोहमार्गांविषयीचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. २१ मे रोजी निजामाशी तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. पाच आठवड्यांत हे तिन्ही. डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. नागपूर घेण्याच्या बाजूने मांडलेल्या कारणांत डलहौसीने कापसाचा मुद्दा स्वतः नोंदवलेला आहे. रेल्वेसाठी वऱ्हाड घेतलं असं मी म्हणणार नाही, निजामाच्या थकलेल्या पैशांचं दुखणं जुनंच होतं. पण रूळ कुठवर न्यायचे आणि मुलूख कुठवर घ्यायचा, या दोन्ही रेषा एकाच टेबलावर आखल्या जात होत्या, यात शंका नाही.

लाइन बांधणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आमची जीआयपी, १८४९ मध्ये लंडनला स्थापन झाली. तिची कल्पना रेटणारा जॉन चॅपमन हा कापसाच्या व्यापारावर लिहिणारा माणूस होता आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ती रेल्वे कशासाठी हवी होती हे लपलेलं नव्हतं. अमेरिकेच्या कापसावर सगळी मदार ठेवायची त्यांना भीती वाटे. करार असा झाला की भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारची. लाइनला तेवढी कमाई झाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. पाच टक्क्यांवर फायदा झाला तर तो वाटून घ्यायचा.

हा करार इंजिनिअरच्या डोळ्यांनी वाचा. खर्च वाढला तरी भागधारकाचं व्याज सुटत नाही, उलट भांडवल वाढलं की व्याजही वाढतं. मैलाला आठ हजार पौंड धरले होते, हमीच्या लाइनींना सरासरी अठरा हजारांच्या आसपास पडले. त्यामुळे त्या काळचं दगडी काम पाहाल तर दृष्ट लागण्यासारखं. मी ज्या मोऱ्या तपासायचो त्यांतल्या कित्येकांचे दगड दीडशे वर्षांनंतरही हललेले नव्हते, चुन्याचे सांधे सुरीचं टोक आत जाऊ देत नव्हते. हे कौतुक करताना त्याचं बिल वऱ्हाडातल्याच काय, अख्ख्या देशातल्या शेतसाऱ्यातून गेलं हेही आठवतं.

आणि याच कराराची दुसरी बाजू अशी की कंपनीला गावोगावचा धंदा शोधत फिरायची गरज नव्हती. व्याज ठरलेलं. सरकारला हवी होती ती मुंबईपासून आत घुसणारी सरळ, मजबूत लाइन, जिच्यावरून पलटणीही नेता येतील. बाजाराने लाइनीकडे यावं, लाइनीने बाजाराकडे जाऊ नये. अमरावतीचा कापूस सहा मैल बैलगाडीने येईल की! १८५७ नंतर तर हा विचार आणखी पक्का झाला.

अडथळा होता तो घाटाचा. कल्याणहून पुढे दोन वाटा: बोर घाटातून पुण्याकडे आणि थळ घाटातून इगतपुरीकडे. दोन्हीकडे ३७ ला १ चा चढ. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजही तिथे मागून बँकर इंजिन लावावं लागतं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने दोन्ही घाट आखले. बोर घाटात पंचवीस बोगदे. एका वेळी बेचाळीस हजार माणसं तिथे राबत होती आणि पटकीने त्यांतली किती गेली याचा धड हिशेबही नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. बोर घाट १८६३ मध्ये खुला झाला. पण वऱ्हाडच्या कापसाचा घाट म्हणजे थळ, आणि तो खुला झाला १ जानेवारी १८६५ ला.

या तारखेची गंमत कळण्यासाठी अमेरिकेकडे पाहावं लागतं. तिथलं यादवी युद्ध १८६१ ला पेटलं, अमेरिकी कापूस बंद झाला, आणि मुंबईत कापसाचा भाव असा चढला की गाद्यांमधला कापूस काढून विकल्याच्या गोष्टी सांगतात. ज्या दिवसासाठी ही रेल्वे मागितली होती तो दिवस उजाडला आणि वऱ्हाडात रूळच नव्हते! त्या चार वर्षांतला पैसा कमावला बैलगाडीवाल्यांनी आणि दलालांनी. थळ घाट उघडला आणि चार महिन्यांत युद्ध संपलं. त्याच साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला. नागपूरला गाडी पोचली ती फेब्रुवारी १८६७ मध्ये.

तरी रेल्वेने व्यापाराचं तोंडच फिरवलं. तिच्या आधी वऱ्हाड–नागपूरचा बराच कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून उत्तरेला जाई, थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. रेल्वे आल्यावर ती वाट हळूहळू संपली आणि बंजाऱ्यांचा धंदाही. कापूस पश्चिमेला वळला तो कायमचा.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. रेल्वेला कापूस परवडत नाही. म्हणजे सुटा कापूस. डबा भरतो पण वजन भरत नाही, तुम्ही हवा वाहता. त्यामुळे रूळ आले की मागोमाग वाफेवर चालणारे प्रेस आले. सरकी काढायची, रुई दाबायची, पट्ट्या आवळून गाठ करायची. पक्क्या दाबाची गाठ ३९२ पौंडांची आणि मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे दोन गाठींची एक खंडी. हा हिशेब रेल्वे, प्रेस आणि मुंबईचा बाजार या तिघांनाही सोयीचा पडला. प्रेस एकदा स्टेशनाजवळ बसला की बाजारही तिकडे सरकतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या स्टेशनाबाहेर उभं राहून पाहा: जिनिंग-प्रेसिंगची उंच धुराडी, पत्र्याची लांब छपरं आणि त्यांच्याकडे वळणारी गंजलेली साइडिंग. शेजारून तारेचे खांब जायचे. विलायतेतल्या लिव्हरपूलच्या कापूसबाजाराचा भाव आता खामगावात कळू लागला. कापूस पिकवणाऱ्याला मात्र तो सर्वांत शेवटी कळायचा.

काही गावं तर रेल्वेनेच वाढवली. चांदूर नावाची दोन गावं, म्हणून लाइनीवरचं झालं चांदूर रेल्वे आणि दुसरं चांदूर बाजार. तसंच धामणगाव रेल्वे. यवतमाळचा कापूस गाड्या भरभरून याच धामणगावला यायचा, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आजही हे तालुके याच नावाने आहेत. बाहेरच्या माणसाला तो स्टेशनाचा पत्ता वाटतो. वर्धा तर रेल्वेच्या वेळचंच. जिल्ह्याचं ठाणं १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागेवर नव्याने वसवलं, लाइन जाणार हे ठरल्यावर.

आता दुसरी खेप. १८६० चं दशक संपेपर्यंत हमीच्या कराराचं ओझं सरकारलाच जड झालं. १८६९ पासून धोरण बदललं: यापुढे सरकार स्वतः कर्ज काढून लाइनी बांधील. याच वेळी हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कॉटन कमिशनर होता. कापूस स्वच्छ आणि लवकर मुंबईला पोचला पाहिजे, हे त्याचं काम. खामगाव-अमरावतीच्या पेठा लाइनीपासून तुटलेल्या राहणं त्याला खटकलं आणि दोन छोट्या सरकारी शाखा झाल्या. जलंब–खामगाव, आठ मैल, १८७० मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. आणि बडनेरा–अमरावती, सहा मैल, १८७१ मध्ये. दोन्हींची नावं दिमाखदार: खामगाव स्टेट रेल्वे, अमरावती स्टेट रेल्वे. सहा मैलांची स्टेट रेल्वे! चालवायला दिल्या जीआयपीकडेच.

या शाखा कशासाठी होत्या हे रिव्हेट-कार्नाकने झाकून ठेवलेलं नाही. शाखा झाली की विलायती कापड स्वस्तात येईल, इथल्या विणकरांचा धंदा बसेल, ते शेतमजुरीकडे वळतील आणि कापसाखालची जमीन वाढेल, असा हिशेब त्याच्या लिखाणात उघड आहे. एकाच डब्यातून कापूस जायचा आणि कापड यायचं.

तांत्रिक बाब म्हणून एक नोंदवतो. याच सुमारास सरकार नव्या लाइनींसाठी मीटर गेजकडे, म्हणजे दोन रुळांत मीटरभरच अंतर ठेवण्याकडे झुकत होतं, पैसे वाचावे म्हणून. तरी या दोन्ही शाखा रुंद मापाच्याच, साडेपाच फुटी. हे शहाणपण होतं. सहा मैलांसाठी गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायच्या म्हणजे हमाली, वेळ, फाटलेली गोणपाटं आणि भिजलेली रुई. मार्गापेक्षा माप बदलण्याची जागा महाग पडते हे आम्ही लोक नोकरीत फार लवकर शिकतो. उलट नागपूर–छत्तीसगड लाइन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मीटर गेजवर झाली आणि बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतल्यावर काही वर्षांतच उखडून रुंद करावी लागली. त्या रुंदीकरणापर्यंत मुंबईहून आलेली रुंद लाइन नागपूरलाच संपायची. मुंबई–कलकत्ता वाहतूक १८७० पासून भुसावळ–खंडवा–जबलपूर अशी उत्तरेने जायची. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल नागपुरात काढली तेव्हा कापूस दाराशी होता आणि वरोऱ्याचा कोळसा नव्या सरकारी लाइनने वर्ध्यापर्यंत येऊ लागला होता.

अमरावतीच्या शाखेचा परिणाम तुम्ही अजून भोगताय. ती शाखा गावात शिरून संपते. स्टेशन अगदी मध्यवस्तीत, सोयीचं, पण पुढे भिंत. गाडी तिथे सुटू शकते, तिथून पुढे जाऊ शकत नाही. नरखेडची लाइन झाली तेव्हा तिच्यासाठी बाहेर नवं अमरावती स्टेशन काढावं लागलं ते याचमुळे. १८७१ ला कोणी असा विचार केला नसता, कारण शाखेचं काम एकच होतं: पेठेतून गाठी उचलणे.

मालवाहतुकीच्या दरांविषयी दोन शब्द. बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदराहून येणाऱ्या मालाला दर स्वस्त, आणि देशातल्या देशात दोन गावांमधल्या मालाला महाग, ही तक्रार दादाभाई-रानड्यांच्या पिढीपासून रेल्वेची पाहणी करणाऱ्या १९२०-२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीपर्यंत सतत होत होती. दुष्काळात याचा काच कळला. वऱ्हाडात ज्वारीची जमीन कापसाखाली गेली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य आणायला रूळ होते आणि धान्य आलंही, पण ज्याचं पीक गेलं त्या मजुराकडे ते विकत घ्यायला पैसा नव्हता. रेल्वेने माणसं वाचवली की मारली, हा वाद दोन्ही बाजूंनी फार ठोकळेबाज होतो. गाडीत धान्य असतं, भूक गाडीबाहेर असते, मध्ये भाव असतो. गाडी भाव कमी करत नाही, ती सगळीकडचा भाव सारखा करते, आणि वऱ्हाडात तो चढाच सारखा झाला.

तिसरी खेप म्हणजे शकुंतला. १८९० च्या दशकात सरकारने खासगी शाखा-कंपन्यांसाठी नव्या अटी काढल्या. मुख्य लाइन आता सरकारच्या मालकीच्या होत चालल्या होत्या, जीआयपी १९०० मध्ये सरकारने विकत घेतली होती. लहान फाटे मात्र खासगी भांडवलाने घालावेत, असा विचार. मुंबईची किलिक निक्सन ही व्यवस्थापन करणारी पेढी, तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूर आणि दक्षिणेला यवतमाळ, मिळून सुमारे १९० किलोमीटर. शिवाय पुलगाव–आर्वी, ३५ किलोमीटर. माप अडीच फुटी. म्हणजे पहिल्या खेपेने सोडलेली दोन मोठी गावं, अचलपूर आणि यवतमाळ, पन्नास वर्षांनी जोडली गेली, पण अरुंद रुळाने.

इथे पुन्हा करार वाचा. आता तूट भरून द्यायला बेफिकीर हमी नव्हती, त्यामुळे खर्च जपून. हलके रूळ, खडी थोडी, वळणं जमीन नेईल तशी. आणि खाली काळी माती. वऱ्हाडची काळी माती कापसाला सोनं, आम्हाला वैताग. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, खडी तिच्यात बुडत जाते आणि चिखल वर येतो. माझ्या गँगमधला एक जुना मुकादम म्हणायचा, "सायेब, ही माती झोपतच नाही." रुंद लाइनीवर आम्ही मुरूम टाकून, खडी बदलून तिला आवर घालू शकत होतो, कारण पैसा होता. अरुंद लाइनीवर तो कधीच नव्हता. त्यात पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. वाफेच्या इंजिनाला खारं पाणी म्हणजे बॉयलरमध्ये थर आणि फेस. गोडं पाणी कुठे मिळेल हे ड्रायव्हरला तोंडपाठ असावं लागे.

१९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं झेडडी वर्गाचं इंजिन या लाइनीवर १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल आलं. वेग ताशी वीसेक किलोमीटर. गार्डच तिकिटं द्यायचा, कर्मचारीच उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे गेली की फाटक उघडून परत चढायचे. बाया भाजीच्या पाट्या घेऊन बसायच्या. एसटीपेक्षा भाडं किती तरी कमी. गरिबाची गाडी म्हणून तिच्यावर लोकांचा जीव होता आणि तो खरा होता.

मालकीचं म्हणाल तर असं आहे. लाइन कंपनीची, पण गाड्या चालवायची जीआयपी, आणि कमाईतला ठरलेला वाटा कंपनीला मिळे. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली तेव्हा जीआयपीची जागा तिने घेतली. हा चालवण्याचा करार तसाच वारशाने आला आणि मुदत संपली की वाढत राहिला. ती लाइन तेव्हा विकत घेतली गेली नाही, कारण त्यासाठी मोबदला द्यावा लागला असता आणि तिच्यात घेण्यासारखं काही उरलं आहे असं कोणाला वाटलं नाही. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये घेतली, ही राहून गेली.

"अजून इंग्रजांना कोट्यवधी रुपये रॉयल्टी जाते" हे मात्र चूक. किलिक निक्सन ही मुंबईत १८५७ पासूनची पेढी आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात गेली. लंडनला दरवर्षी हप्ता जात होता हे चित्र वर्तमानपत्रांना आवडलं, म्हणून टिकलं. खरी दुखरी गोष्ट निराळीच होती. मालक म्हणे, चालवता तुम्ही, तर दुरुस्तीही तुम्ही करा. चालवणारा म्हणे, लाइन तुमची, तर पैसा तुम्ही घाला. रुळांखालचे स्लीपर कुजत गेले, वेग कमी करत गेलो, आणि गेल्या दशकात गाड्या एकेक करत थांबल्या. ती लाइन दोन जणांच्या मध्ये पडून मेली.

ती पुन्हा, रुंद करून, बांधावी का? अचलपूरच्या बाजूला बांधावी असं माझं मत आहे. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या पट्ट्याला रेल्वेची दुसरी वाट नाही. यवतमाळचं गणित मात्र बदललं आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंद लाइनीचं काम चालू आहे आणि तिच्यातल्या वर्धा–कळंब टप्प्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी सुरू झाली. जुनी लाइन यवतमाळहून मूर्तिजापूरकडे, म्हणजे मुंबईच्या दिशेने तोंड करून होती, कारण कापूस तिकडे जायचा. नवी लाइन नागपूर आणि नांदेडकडे तोंड करून आहे, कारण आता माणसं तिकडे जातात. जुन्या भरावावर नवे रूळ घालू, खर्च वाचेल, असं कोणी म्हणालं तर त्याला एकदा जुलैत मूर्तिजापूरच्या दक्षिणेला त्या भरावावर चालवून आणा. बूट मात्र जुने घालायला सांगा.